शेजाऱ्यांचा चषक

मुलांनो, एखादा संघ केवळ नाणेफेकीच्या जोरावर स्पर्धेत टिकून राहिला, असे तुम्ही कधी ऐकले आहे का? 2018 साली ढाक्यात तसे घडले. दक्षिण आशियातील देशांची फुटबॉल स्पर्धा, म्हणजे सॅफ स्पर्धा, तेथे भरली होती. मालदीव आणि श्रीलंका हे दोन्ही संघ भारताकडून 2-0 असे हरले होते. त्यांचा आपापसातला सामना 0-0 असा बरोबरीत सुटला होता. गुण सारखे, गोलही सारखे. मग नाणे उडवले गेले आणि कौल मालदीवच्या बाजूने लागला. एकही सामना न जिंकता, एकही गोल न करता हा संघ उपांत्य फेरीत गेला. तेथे त्याने नेपाळला 3-0 असे हरवले आणि अंतिम सामन्यात भारताला 2-1 असे हरवून चषक घरी नेला!

2011 च्या जनगणनेत आपल्या मालेगाव शहराची लोकसंख्या सुमारे 4 लाख 80 हजार होती. मालदीवच्या नागरिकांची संख्या त्याहूनही कमी आहे. म्हणजे तालुक्याच्या एका गावाने सबंध देशाला हरवावे, तशी ही गोष्ट झाली. 2008 सालीही याच मालदीवने अंतिम सामन्यात भारताला 1-0 असे हरवले होते.

आपल्याकडे पुष्कळ लोक या स्पर्धेला किरकोळ समजतात. ते म्हणतात, "जिंकलो तर त्यात विशेष काय? हरलो तर मात्र अब्रू जाते." 2018 साली भारताने 23 वर्षांखालील खेळाडूंचा संघ पाठवला होता. तरुणांना संधी मिळाली, हे चांगलेच झाले. पण शेजारच्या घरी लग्न असेल, तर आपण धाकट्या भावाच्या हाती आहेर पाठवून मोकळे होतो का? घरातल्या मोठ्यांनीही जावे लागते.

मराठीत आपण 'शेजारी' म्हणतो. उर्दूत त्यासाठी 'हमसाया' असा सुंदर शब्द आहे. ज्याची आणि आपली सावली एक, तो हमसाया. ही स्पर्धा अशा हमसायांची आहे. 1993 साली लाहोरमध्ये ती पहिल्यांदा झाली, तेव्हा फक्त चार संघ होते. भारताने ती जिंकली. नंतर कोलंबो, काठमांडू, मडगाव, ढाका, कराची अशी ती गावोगावी फिरली. 2023 पर्यंत ती 14 वेळा झाली आणि त्यांपैकी 9 वेळा भारत जिंकला. क्रिकेटच्या आशिया चषकात तुम्हाला भूतान किंवा मालदीव दिसणार नाही. फुटबॉलच्या या पंगतीत मात्र त्यांचेही पान मांडलेले असते. भूतान अजून एकदाही जिंकलेला नाही, तरी तो येतो आणि खेळतो. मला तर जिंकणाऱ्यांपेक्षा त्याचेच अधिक कौतुक वाटते.

मुलींनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्त्रियांची सॅफ स्पर्धा पहिली पाच वेळा भारतानेच जिंकली. 2022 साली काठमांडूत बांगलादेशच्या मुलींनी नेपाळला 3-1 असे हरवले. ढाक्यात उघड्या बसमधून त्यांची मिरवणूक निघाली. मैमनसिंग जिल्ह्यातल्या कलसिंदूर नावाच्या एका खेड्याच्या प्राथमिक शाळेतून बांगलादेशच्या संघाला कितीतरी खेळाडू मिळाल्या आहेत. राष्ट्रीय संघातील मुली तयार झाल्या त्या अशा खेड्यातल्या शाळेच्या मैदानावर!

आता जरा अवघड विषयाकडे वळू. 2023 साली ही स्पर्धा बेंगळुरूला झाली. भारताचा पहिला सामना पाकिस्तानशी होता. पाकिस्तानच्या खेळाडूंना व्हिसा उशिरा मिळाला. मॉरिशसहून मुंबईमार्गे ते सामन्याच्याच दिवशी बेंगळुरूला पोहोचले. ना धड झोप, ना सराव. भारताने 4-0 असा विजय मिळवला. सुनील छेत्रीने तीन गोल केले. विजयाचा मला आनंद झाला. पण पाहुणा दमूनभागून दारात येतो आणि लगेच आखाड्यात उतरतो, तेव्हा कुस्ती जिंकूनही मन पुरते भरत नाही.

त्याच सामन्यात पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन करत असताना भारताचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांनी त्याच्या हातातला चेंडू उडवला. धक्काबुक्की झाली आणि पंचांनी स्टिमॅक यांना लाल कार्ड दाखवून बाहेर काढले. खेळाडूंसाठी गरज पडली तर आपण पुन्हा असेच करू, असे ते नंतर म्हणाले. मला हे मुळीच आवडले नाही. आपला संघ तेव्हा दोन गोलांनी पुढे होता. मागे असता, तरीही ते चूकच ठरले असते.

अशा सामन्याच्या दिवशी रस्त्यात कोणीतरी तुम्हाला विचारतो, "काय रे, तू कोणाच्या बाजूने?" मलाही लहानपणी असे विचारत. विचारणाऱ्याला उत्तर नको असते, गंमत हवी असते. पण तो काटा पुष्कळ दिवस टोचत राहतो. मी भारताच्या बाजूने असतो. हे सांगताना मला आवाज चढवावा लागत नाही आणि मानही खाली घालावी लागत नाही. 2021 साली मालेतील अंतिम सामन्यात सहल अब्दुल समदने नेपाळवर तिसरा गोल केला, तेव्हा मी खुर्चीवरून उडालोच होतो. आणि 2013 साली युद्धाने पोळलेल्या अफगाणिस्तानने काठमांडूत चषक जिंकला, तेव्हा मी टाळ्याही वाजवल्या. हरलेला संघ भारताचाच होता. वाईट वाटले, पण टाळ्या मनापासून वाजवल्या.

गेल्या वर्षी मी नववीच्या वर्गात पाच-पाच जणांचे सात संघ केले आणि सात शेजारी देशांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. भूतानची चिठ्ठी आलेला मुलगा रुसला. पाकिस्तानची चिठ्ठी आलेला मुलगा मात्र हळूच माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, ही बदलून द्या. मैदान रस्त्याला लागून आहे. मुले नाव घेऊन ओरडतील, येणारे-जाणारे ऐकतील." मला हे सुचलेच नव्हते. मी ती चिठ्ठी फाडली आणि दुसरीवर 'कुवेत' लिहिले. 2023 साली कुवेत पाहुणा म्हणून खेळला होताच, अशी मी मनाची समजूत घातली.

त्या मुलाची काळजी खोटी नव्हती. त्याला मी दोष देत नाही. पण मी फार लवकर माघार घेतली, असे मला वाटते. यंदा पुन्हा चिठ्ठ्या टाकायच्या आहेत. सातही नावे लिहिणार आहे. पाकिस्तानची चिठ्ठी ज्या संघाला येईल, त्याचा गोलरक्षक मी होईन. मला गोल अडवता येत नाहीत, हे मात्र आताच सांगून ठेवतो.