लाभांश कोणाच्या घरातला?

जुगार खेळणे वाईट. पण जुगाराच्या कंपनीचे समभाग घेण्यात गैर काय, असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही विचारला जातो. जून 2005 मध्ये लंडनच्या शेअर बाजारात ‘पार्टीगेमिंग’ या ऑनलाइन पोकर कंपनीचे समभाग 116 पेन्सला विक्रीस आले. पैसा कंपनीला नव्हे, तर हिस्सा विकणाऱ्या जुन्या भागधारकांना मिळाला. बहुतेक उत्पन्न अमेरिकेतून येते आणि तेथील न्याय खाते हा धंदा बेकायदा मानते, हे माहितीपत्रकातच नमूद होते. तरीही समभाग खपले. सप्टेंबर 2006 च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने प्रतिबंधक कायदा संमत करताच ते एका दिवसात निम्म्याहून अधिक कोसळले. भारतातही पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेने 2025 मध्ये केला.

तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : पैसा कोणाकडे जाणार आणि धंदा कोणत्या कायद्याच्या कृपेवर तगून आहे? तिसरी गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही. कारखान्याचा नफा मालाच्या विक्रीतून येतो. जुगारगृहाचा, खेळणाऱ्यांनी गमावलेल्या पैशातून. ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याच्या पत्नीची व मातेची दैना वर्णिली आहे. लाभांश घेणाऱ्याने तो अशाच एखाद्या घरातून आलेला असतो, याचे भान ठेवावे आणि मगच अर्जावर स्वाक्षरी करावी की नाही, ते ठरवावे.