नुनावूतचा आराखडा

उत्तर कॅनडातील एका प्रदेशाचे नाव नुनावूत असे आहे. इनुइट भाषेत त्याचा अर्थ 'आमची भूमी'. विस्तार सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, वस्त्या २५, आणि २०२१ च्या शिरगणतीत माणसे ३७ हजारही भरली नाहीत. आमच्या क्रमिक पुस्तकांनी ज्यांची ओळख 'एस्किमो' म्हणून करून दिली तेच हे लोक. ते नाव त्यांना रुचत नाही. इतक्या थोड्या माणसांना भूमिवापराचा आराखडा हवाच कशाला, असे विचारणाऱ्यांनी एवढेच ध्यानी घ्यावे की, वस्ती विरळ असली म्हणजे भूमी बेवारस पडलेली असते असे नव्हे.

कॅनडा सरकारची समजूत मात्र बराच काळ तशीच होती. १९५३ आणि १९५५ साली उत्तर क्वीबेकमधील इनुइट कुटुंबे उचलून पार अतिउत्तरेच्या बेटांवर नेऊन ठेवण्यात आली. त्याबद्दल क्षमायाचना व्हावयास २०१० साल उजाडले. या समजुतीला इनुइटांनी दिलेले उत्तर मार्मिक होते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीसाठी शेकडो शिकाऱ्यांनी आपण जन्मभर कोठे हिंडलो, कोठे सील मारला, कॅरिबू हरणांच्या मागावर कोठवर गेलो, हे नकाशांवर रेखून दिले. समुद्रावरचा बर्फही त्यात होता. हिवाळ्यात तोच त्यांचा हमरस्ता. सरकारी कागदावर ओस दिसणारा मुलूख अशा रीतीने पायवाटांनी भरून गेला.

त्याच बळावर १९९३ चा करार झाला आणि १९९९ मध्ये नुनावूत वेगळा प्रदेश बनला. करारान्वये इनुइटांच्या मालकीची झाली ती सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर भूमी. भूगर्भातील खनिजांचा हक्क त्यातल्याही जेमतेम दशांशावर. उर्वरित भूमीवरचा परंपरागत हक्क त्यांनी सोडून दिला. तो सोडताना जी आश्वासने पदरात पडली त्यांत नियोजन आयोग हे एक होते. कोणताही प्रकल्प प्रथम आयोगाच्या आराखड्याशी जुळला पाहिजे, मग पुढची छाननी, असा हा क्रम आहे.

हा क्रम कसा पाळला गेला ते बॅफिन बेटावरील मेरी रिव्हरच्या लोहखाणीने दाखवून दिले. त्या भागाला २००० सालापासून प्रादेशिक आराखडा होता. कंपनीने वर्षाचे दहा महिने, म्हणजे गोठलेल्या समुद्रातूनही, जहाजे चालवण्याचा बेत मांडला. हे आराखड्यात बसत नाही, असा निर्वाळा आयोगाने एप्रिल २०१५ मध्ये दिला आणि अवघ्या तीन महिन्यांत ओटावातील मंत्रिमहाशयांनी कंपनीला सूट देऊन टाकली! मिल्न इनलेट बंदरातून वर्षाला ४२ लाख टन खनिज नेण्याची मर्यादा २०१८ मध्ये ६० लाखांवर गेली, तीही परिणाम-परीक्षण मंडळाची शिफारस डावलून. पुढची मागणी होती १ कोटी २० लाख टनांची. बर्फावर बसणाऱ्या लाल धुळीची तक्रार पाँड इनलेटचे रहिवासी करीत होते. ती धूळ कशी असते हे गोमंतकीय वाचकाला आम्ही सांगावयास नको. फेब्रुवारी २०२१ मध्ये शिकाऱ्यांनी खाणीची धावपट्टी आणि रस्ता अडवून धरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती मागणी सरकारने फेटाळली.

सबंध नुनावूतसाठी एकच आराखडा आयोगाने जून २०२३ मध्ये मान्यतेसाठी पाठवला. करारापासून येथवर यावयास ३० वर्षे लागली. त्यातील खरा वादाचा मुद्दा आहे कॅरिबूंच्या विणीच्या माळांचा. जूनच्या सुमारास माद्या तेथे जमतात. त्या माळांवर खनिजशोध व खाणकाम यांना आराखडा मज्जाव करतो. बाथर्स्ट कळपात १९८६ साली साडेचार लाखांहून अधिक कॅरिबू होते. २०२१ मध्ये ते सहा हजारांच्या घरात आले. या ऱ्हासाची कारणे अनेक असतील, परंतु उरलेल्या जनावरांना विणीच्या वेळी तरी स्वस्थता हवी, हे समजावयास शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. तथापि खुद्द नुनावूत सरकारनेच २०१६ साली संपूर्ण बंदीचा आग्रह सोडून प्रकरणनिहाय विचाराची भाषा सुरू केली. स्वतःच्या मालकीच्या भूमीवरही आराखड्याने हात का बांधावेत, असा आक्षेप इनुइट संस्थांनी घेतला आहे. शाळा, घरे, रोजगार यांची तेथे वानवा आहे आणि खाणीखेरीज पैसा आणणारे फारसे काही नाही. तेव्हा हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही.

आमचे मत तरीही बंदीच्या बाजूचे आहे. खाण दहा वर्षांनी काढता येते, खनिज कोठे पळून जात नाही. मोडलेला कळप परत जमवण्याची विद्या कोणापाशी नाही. प्रकरणनिहाय विचार म्हणजे काय, हे ४२ लाखांचे ६० लाख आणि ६० लाखांची सव्वा कोटीकडे धाव यांतून दिसलेच आहे. केंद्र सरकार, नुनावूत सरकार आणि इनुइटांची नुनावूत टुंगाविक ही संस्था या तिघांच्याही मान्यतेवाचून आराखडा अमलात येत नाही. पैकी इनुइट संस्थेने हरकती घेतल्या तर तो तिचा अधिकार आहे, कारण भूमी तिच्या लोकांची आहे. ओटावाने मात्र २०१५ ची ती सूट पुन्हा कोणाला देणार नाही, असे आधी लेखी द्यावे.