आजोबांचे नाव आणि आत्याचा हक्क

बाप वारतो. जलदानविधी होतो, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. म्हाताऱ्याने चळवळीसाठी खाल्लेल्या खस्तांच्या आठवणी निघतात, डोळे पाणावतात. पुढे सहा-आठ महिन्यांत लेकीला मुलगा होतो आणि ती बापाच्या आठवणीने त्याला बापाचेच नाव ठेवते. झाले! इकडे भाऊ बिथरतो. त्याच्या बायकोलाही दिवस गेलेले असतात. 'दादांचे नाव आम्ही आमच्या मुलासाठी राखून ठेवले होते, तू ते पळवलेस,' असा निरोप जातो. 'ते काय तुझ्या एकट्याचेच बाप होते?' असा उलटा जबाब येतो. मग भाच्याच्या नामकरणाला मामा जात नाही, भाच्याच्या मामाकडे पाळणा हलतो तेव्हा आत्याला बोलावणे जात नाही. आणि ज्याच्या नावासाठी हे सगळे, त्याच्या पुढच्या स्मृतिदिनाला त्याचीच दोन लेकरे एका छताखाली बसत नाहीत.

असे घर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. काहींच्या तर स्वतःच्याच घरात हे घडलेले आहे. वाचक म्हणतील, समाजापुढे शिक्षणाचे, नोकऱ्यांचे, अत्याचारांचे डोंगराएवढे प्रश्न उभे असताना बारशाच्या रुसव्याफुगव्यांवर लेख कशाला? आम्ही म्हणतो, नाव ही गोष्ट दुसऱ्या कुणासाठी किरकोळ असेल, आपल्यासाठी ती कधीच किरकोळ नव्हती.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कोणी कसले नाव ठेवावे याचा नियमच घालून दिलेला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धनाशी जोडलेले आणि शूद्राचे नाव मात्र किळस वाटावी असे! म्हणजे मूल पाळण्यात असतानाच त्याच्या कपाळावर त्याची पायरी कोरायची. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी जी मनुस्मृती जाळली, तिच्यात हे नामकरणही होते. आपल्या आज्या-पणज्यांची नावे आठवून पाहा. दगडू, धोंडू, कचरू, भिकू. आता अशी नावे काही आपल्याच वस्तीत होती असे नाही. पाठोपाठ मुले दगावली की पुढचे तरी जगावे म्हणून हलके नाव ठेवायची रीत बहुजन समाजात सगळीकडेच होती. पण इतरांच्या दगडूचा गावात दगडूशेठ किंवा दगडूराव व्हायचा, आपल्या दगडूचा मरेपर्यंत दगड्याच राहायचा. हा फरक विसरता येत नाही.

मुलींचे तर विचारूच नका. मुलगा हवा असताना मुलगी झाली की तिचे नाव 'नकोशी'. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकातली ही गोष्ट आहे!

म्हणून 14 ऑक्टोबर 1956 नंतर आपल्या वस्त्यांमध्ये जे घडले ते मोठे होते. एका पिढीत पाळण्यातली नावे बदलली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, नागसेन, सुजाता, विशाखा, यशोधरा, संघमित्रा. याची वाट बाबासाहेबांनी आधीच दाखवली होती. 1946 साली मुंबईत कॉलेज काढले त्याला नाव दिले सिद्धार्थ. 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय झाले आणि त्याचा परिसर नागसेनवन. पुढे याच समाजाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून 27 जुलै 1978 च्या विधिमंडळाच्या ठरावापासून 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंत जवळजवळ सोळा वर्षे लढा दिला. घरे जळाली, माणसे मेली, पण नावाचा आग्रह सोडला नाही. तेव्हा नावात काय आहे, असे आम्हाला कोणी विचारू नये.

पण नाव मोठे आहे म्हणूनच ते कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न नीट सोडवला पाहिजे. भाऊ जेव्हा म्हणतो की बापाच्या नावावर माझ्या मुलाचा हक्क, तेव्हा तो हक्क आणतो कुठून? तो म्हणतो, 'वंश माझा चालणार. बहिणीचे मूल दुसऱ्याच्या आडनावाचे.' हा 'वंश' शब्द जरा उलटून पाहा. मुलगा हवा कशाला? तर पिंड द्यायला, श्राद्ध घालायला, पितरांना पाणी पाजायला. लेकीला तो अधिकार नाही म्हणून लेक परकी. या एका खुंटीवर वंशाच्या दिव्याचे सगळे कौतुक टांगलेले आहे. बावीस प्रतिज्ञांमध्ये आपण श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारले. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला हात पुढे करून ती प्रतिज्ञा पुन्हा म्हणतो. मग पिंड सोडला आणि वंश तेवढा घट्ट धरून ठेवला, हे कसे? खुंटी उपटली आणि टोपी हवेत लटकत ठेवली, असला हा प्रकार आहे.

गंमत अशी की आपल्याकडे पाळण्यात नाव ठेवायचा मान कोणाचा? आत्याचा! त्रिशरण-पंचशील झाले, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला वंदन झाले की पाळण्याजवळ आत्यालाच पुढे करतात. भाच्याच्या कानात नाव सांगायला बहीण चालते, त्यासाठी तिची वाट पाहतात, ती रुसली तर समजूत काढतात. मात्र तेच नाव तिने स्वतःच्या लेकराच्या कानात सांगितले तर ती चोर ठरते. याला न्याय म्हणायचे काय?

बाबासाहेबांच्या घराकडेच पाहा. सुभेदार रामजींच्या तुटपुंज्या पेन्शनमध्ये भिवाच्या पुस्तकांची हौस भागत नव्हती. तेव्हा रामजी बाबा लग्न झालेल्या लेकींकडे जात. रोकड नसली तर लेकीचा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत करीत. आई भीमाबाई लहानपणीच गेल्यावर या पोरांना सांभाळले कोणी, तर रामजींच्या बहिणीने, मीराआत्याने. म्हणजे ज्या ज्ञानाच्या बळावर हा समाज उभा राहिला, त्याच्या पायात सासरी गेलेल्या बहिणींचे दागिने आणि एका आत्याचे कष्ट आहेत. अशा बहिणींना 'तुम्ही आता दुसऱ्या घरच्या' म्हणणारा भाऊ बाबासाहेबांचा इतिहास कोणत्या पुस्तकातून शिकला?

आणि हे भांडण केवळ नावापुरते नसते, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. हिंदू कोड बिलाची गळचेपी झाली हे 27 सप्टेंबर 1951 च्या कायदेमंत्रिपदाच्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते. त्या बिलात मुलीचा वारसाहक्क होता. तो पुढे तुकड्यातुकड्याने आला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने काही दिले, 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचे धुके दूर केले. 2005 साली बाप हयात होता की नव्हता, याने मुलीचा हक्क बदलत नाही. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. पण प्रत्यक्षात काय होते? बाप गेला की तलाठ्याकडे वारसनोंदीच्या आधीच बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. एक साडी, दिवाळीची एक ओवाळणी आणि 'माहेर तुटायला नको' ही भीती, एवढ्यावर ती सही करते. जमीन सोडली, घर सोडले, आता बापाचे नावही सोड म्हणायचे! बहीण नावासाठी एवढी का चिडते, याचे उत्तर पुष्कळदा या कागदात असते. तिच्या हातात बापाचे दुसरे काही उरलेलेच नसते.

आता दुसरी बाजूही पाहू. काही बहिणीही म्हणतात, आधी आमच्या घरात नाव आले, आता भावाने ते ठेवायचे नाही. हाही हट्टच. दोन चुलत किंवा आते-मामे भावंडांना एकच नाव असू नये, असा कायदा कुठेही नाही. आपल्या महाराष्ट्रात नावापुढे बापाचे नाव आणि आडनाव लागते, त्यामुळे दोघांची पूरी नावे आपोआप वेगळी होतात. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत तर मुलाच्या नावानंतर आधी आईचे नाव लिहायचे, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. मग गोंधळ व्हायचा तरी कुठे? घाईचेही कारण नाही. जन्माची नोंद वेळेत झाली पाहिजे हे खरे, पण नोंदीत मुलाचे नाव घालायला एक वर्षापर्यंत फी लागत नाही आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत ते घालता येते. तेव्हा 'तिने आधी नोंदवले' म्हणून शर्यत हरल्यासारखे तोंड करण्याची गरज नाही.

भीमराव नावाची किती माणसे महाराष्ट्रात आहेत? मोजता येणार नाहीत. एका घरातल्या भीमरावामुळे दुसऱ्या घरातला भीमराव कमी झाला काय? बाबासाहेबांचे नाव कुणी राखून ठेवले नाही म्हणूनच ते गावोगाव पोहोचले. मग आपल्या बापाचे नाव दोन घरांत गेले तर त्याचे काय झिजणार आहे?

या भांडणात दोन बायांना कोणी विचारतच नाही, हे आम्हाला अधिक खटकते. पहिली म्हणजे बाळंतीण. नऊ महिने तिने वाहिले, पण नाव ठरते नवऱ्याच्या आणि नणंदेच्या भांडणात. तिलाही बाप आहे, त्यानेही पोरीला शिकवायला हाडे झिजवली आहेत. त्याचे नाव कधी चर्चेत तरी येते काय? जुन्या घरांत तर सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही म्हणून सून स्वतःच्याच पोराला आयुष्यभर 'आबा', 'नाना' म्हणून हाक मारायची. पोर कितीही वाह्यात निघाले तरी नाव घेऊन रागावायची सोय नाही! दुसरी म्हणजे आजी. आजोबांच्या नावासाठी भावंडे एकमेकांचे तोंड बघत नाहीत, पण आजीच्या नावासाठी भांडलेले भाऊ-बहीण आमच्या पाहण्यात नाहीत. जिने मोलमजुरी करून, मोर्चाला जाणाऱ्या नवऱ्याच्या माघारी चूल पेटती ठेवली, तिचे नाव तिच्याबरोबर जाते. यशवंतराव आंबेडकरांच्या घरी नातवाला भीमराव नाव मिळाले, तसे नातीला रमाबाईही मिळाले. आजोबा आले तशी आजीही आली. हा आदर्श डोळ्यांपुढे असताना आपण अर्धाच का घ्यावा?

आणि आजोबांचे नाव दगडू किंवा कचरू असेल तेव्हा मात्र भांडण होत नाही. ते नाव कोणालाच नको असते. त्यात वावगे काही नाही, नातवाला ते नाव लावण्याची सक्ती आम्हीही करणार नाही. पण त्या कचरूने पोटाला चिमटा काढून तुमच्या बापाला शाळेत घातले म्हणून आज तुम्हाला निवडायला चांगली नावे मिळाली. नाव नको असेल तर नका ठेवू, निदान त्याची हकिकत तरी मुलांना सांगा. खुद्द बाबासाहेबांनी आपल्या यशवंत, गंगाधर, रमेश आणि राजरत्न या मुलांपैकी एकाचेही नाव रामजी ठेवले नाही. म्हणून सुभेदार रामजी विसरले गेले काय? मुलाने बापाचे शिकण्याचे वेड पुढे नेले आणि बाप अजरामर झाला.

आमचे समाजबांधवांना आणि भगिनींना सांगणे एवढेच. कुठलेही नाव कोणासाठी राखीव ठेवू नका. बहिणीने बापाचे नाव ठेवले तर भावाने पहिल्यांदा नामकरणाला जावे, आणि भावाला तेच नाव हवे असेल तर बहिणीने आत्याच्या मानाने ते पाळण्यात सांगावे. आईचा शब्द आधी विचारा. आजीचे नाव विसरू नका. नामकरणाच्या दिवशी जेवणावळीत जेवढा वेळ जातो त्यातली दहा मिनिटे काढून, ज्याचे नाव ठेवले तो माणूस कोण होता, कसा जगला, हे जमलेल्यांना सांगा. आणि बापाच्या नावावर खरोखरच प्रेम असेल तर बहिणीपुढे सरकवलेला तो हक्कसोडपत्राचा कागद आधी फाडून टाका. त्या कागदावर बापाचेही नाव असते.

जयभीम!