छत्री आहे, पण पावसात चालत नाही!

पावसात उपयोगी पडत नाही अशी छत्री कोणी विकत घेईल काय? पण दुर्गम भागात काही ठिकाणी सरकारी इमारतींच्या छपरांवर अशी छत्री बसवलेली दिसते. उपग्रहाकडे तोंड करून असलेली ही इंटरनेटची डिश. खेड्यात तिला 'छत्री'च म्हणतात. आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागला की हिचा संपर्क तुटतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत ताप, हगवण, कावीळ, सर्पदंश यांचे रुग्ण वाढलेले असतात.

आरोग्याच्या सदरात इंटरनेटचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. परंतु डॉक्टरचा सल्लाच आता आभाळातून येऊ लागला आहे. तेव्हा ही छत्री चालते की नाही, हाही आरोग्याचाच प्रश्न झाला आहे.

कल्पना तशी नवी नाही. 'इस्रो'ने २००१ साली उपग्रहाद्वारे दूरच्या रुग्णाला तज्ज्ञांचा सल्ला देण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. पुढे २०१९ साली केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' सेवा सुरू झाली. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवतात आणि दूरच्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलणे करून देतात. हेतू उत्तम आहे. धडगावकडच्या डोंगरातील पाड्यावरून नंदुरबारला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे पडते, सोबतीला एक माणूस लागतो. हे सारे वाचणार असेल तर कोणाला नको आहे? जिथे केबल पोचत नाही आणि मोबाईलचा मनोराही नाही, तिथे हे साधण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे उपग्रह.

मग अडते कुठे? पहिली अडचण अंतराची. अशा सेवेचे नेहमीचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. आपला आवाज तिथवर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो आणि समोरच्याचे उत्तर यायला आणखी पाव सेकंद. ऐकायला हे काहीच नाही; पण बोलताना दोघेही एकाच वेळी तोंड उघडतात, मग दोघेही थांबतात. डॉक्टर विचारतात, "दुखतंय कुठं?" आजीबाई गप्प. डॉक्टरांना वाटते, आजींना ऐकू आले नाही. आजींना वाटते, डॉक्टर रागावले!

दुसरी अडचण पावसाची. लहान छत्रीवर ज्या आखूड लहरी येतात, त्या पावसाच्या थेंबांत शोषल्या व विखुरल्या जातात. उपग्रहाच्या मुख्य केंद्रावर मुसळधार लागली असेल तर आपल्याकडे ऊन असूनही संपर्क तुटू शकतो. तिसरी अडचण जमिनीवरचीच आहे. वीज जाते, बॅटरी उतरलेली असते, वाऱ्याने छत्रीचे तोंड तसूभर फिरते आणि ते सरळ करणारा माणूस तालुक्याहून यायला आठवडा लागतो.

आता नवे उपग्रह आले आहेत. ते साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यामुळे बोलण्यातला उशीर जवळजवळ जाणवत नाही. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अशाच सेवेसाठी 'स्टारलिंक' कंपनीशी इरादापत्र केले आणि त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशीम या जिल्ह्यांची नावे घेतली गेली. याचे स्वागतच करावे. मात्र या छत्रीलाही मोकळे आभाळ लागते आणि चोवीस तास वीज लागते. दाट झाडी आणि जोराचा पाऊस तिलाही जाचतो. अंतराचे दुखणे बरे झाले म्हणून निगराणीचे दुखणे आपोआप बरे होत नाही.

आमचे म्हणणे नेमके इथेच आहे. याच आरोग्य केंद्रात लशींचा फ्रीज असतो. तो कसा सांभाळला जातो पाहा. आतले तापमान २ ते ८ अंशांत राहिले पाहिजे म्हणून दिवसातून दोनदा, सुटीच्या दिवशीही, त्याची नोंद होते. जबाबदार व्यक्ती ठरलेली असते. वीज गेली तरी थंडावा टिकावा अशी त्याची रचनाच असते. बिघाड झाला तर लस कुठे हलवायची हे आधी ठरलेले असते. फ्रीजला जो मान आहे तो छत्रीला का नसावा? दिवसातून दोनदा संपर्क तपासावा, वहीत लिहावे, महिन्याच्या बैठकीत ती वही वाचावी. छत्रीसोबत सौर पॅनेल आणि बॅटरी द्यावी. दुरुस्ती किती दिवसांत होईल हे करारात लिहून घ्यावे. उद्घाटनाचा नारळ फोडणे सोपे आहे. दुसऱ्या पावसाळ्यात ती चालू ठेवणे हे खरे काम!

दुसरे असे की, प्रत्येक वेळी चित्रासह बोलण्याचा हट्ट धरू नये. हृदयाच्या आलेखाचा (ईसीजी) किंवा त्वचेवरच्या चट्ट्याचा फोटो अर्ध्या तासाने पोचला तरी पुष्कळदा काम भागते. दूरसल्ल्याबाबत मार्च २०२० मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत लेखी, आवाजी आणि चित्रासह अशा तिन्ही प्रकारांना मान्यता आहे. काही औषधे पहिल्या वेळी चित्रासह बोलूनच लिहून देता येतात, एवढे बंधन लक्षात ठेवावे. नाडी, रक्तदाब, ताप, रक्तातील साखर आधी कागदावर लिहून तयार असेल तर दोन मिनिटांच्या संपर्कातही चांगला सल्ला मिळतो.

वाचकांनी आपल्या बाजूने चार गोष्टी पाळाव्यात :

१) जुने कागद, औषधांची पाकिटे सोबत न्यावीत. संपर्क लागल्यावर शोधाशोध नको.

२) एका वेळी एकच वाक्य बोलावे आणि उत्तराची वाट पाहावी.

३) मिळालेला सल्ला लिहून मागावा.

४) सर्पदंश, छातीत कळ, बाळंतपणातील रक्तस्राव, लहान मुलाचे झटके, यांत पडद्यासमोर बसून संपर्काची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. फोन लागत नसेल तर मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठावे. तातडीच्या आजारात दूरसल्ला हा प्रथमोपचार आणि पुढे पाठवणे यापुरताच, असे वरील सूचनाही सांगतात.

शेवटी एक गोष्ट प्रशासनाने विसरू नये. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद झाल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. अशा दिवशी छत्री चालली तर एखादा जीव वाचेल हे खरे. पण छत्रीला पोट चाचपून पाहता येत नाही, सलाईन लावता येत नाही, बाळंतपण करता येत नाही. त्यासाठी परिचारिका हवी, डॉक्टर हवा, औषध हवे. छत्री बसवली म्हणून डॉक्टरची जागा रिकामी ठेवली, असे होता कामा नये. पुढच्या ग्रामसभेत आपल्या उपकेंद्राबद्दल दोन प्रश्न जरूर विचारा : संपर्काची वही कुठे आहे, आणि रिकाम्या जागा कधी भरणार?