फर्मान आणि सेंदाईचे विद्यापीठ

जपानची शाही विद्यापीठे ज्या १८८६ च्या फर्मानातून उभी राहिली, त्याच्या पहिल्याच कलमात, राज्याला आवश्यक असलेल्या विद्या व कला शिकविणे आणि त्यांच्या गूढ तत्त्वांचा शोध घेणे हेच विद्यापीठाचे प्रयोजन होय, असे नमूद केलेले आहे. आणि तोक्यो, क्योतो, सेंदाई येथील विद्यापीठांच्या थोरवीचे सारे श्रेय या राज्यनिष्ठ शिस्तीला देण्याची प्रथा आपल्याकडील प्रशंसकांत रूढ आहे. मला ती मान्य नाही.

१९०७ साली सेंदाई येथे स्थापन झालेल्या तोहोकु विद्यापीठाचेच पाहा. तोक्यो व क्योतो यांच्यामागून आलेल्या या संस्थेने, केवळ उच्च विद्यालयांतून येणाऱ्यांनाच प्रवेश देण्याचा शिरस्ता सैल करून इतर विद्यालयांतील लायक उमेदवारांनाही वाट करून दिली, आणि १९१३ मध्ये कुरोदा चिका, तांगे उमे व माकिता राकु या तीन स्त्रियांचे अर्ज स्वीकारले, तेव्हा ज्याला पूर्वदाखला नाही अशा या गंभीर गोष्टीबद्दल शिक्षणखात्याने खलिता धाडून विचारणा केली. विद्यापीठ मागे हटले नाही. तिघीही दाखल झाल्या, आणि कुरोदाबाईंनी तर पुढे वनस्पतींतील रंगद्रव्यांच्या संशोधनात मोठा लौकिक मिळविला. (आपल्या अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढताना जपानचाच आदर्श पुढे ठेवला खरा, पण तो तोक्योच्या केवळ स्त्रियांसाठी असलेल्या विद्यापीठाचा, सेंदाईचा नव्हे!)

काळाचा विनोद असा की, जपान सरकारने १० लाख कोटी येनांचा जो प्रचंड निधी निवडक संशोधन-विद्यापीठांसाठी उभारला आहे, त्याच्या पहिल्या लाभाची मंजुरी २०२४ मध्ये, तोक्यो व क्योतो या मातबर उमेदवारांना मागे टाकून, याच तोहोकुला मिळाली. मात्र त्यासोबत शोधनिबंधांची उद्दिष्टे आली, उत्पन्नवाढीचा हिशेब आला, आणि दीर्घ मुदतीची देखरेखही आली. एका हाताने हे औदार्य दाखविणाऱ्या सरकारने, २००४ मध्ये राष्ट्रीय विद्यापीठांना स्वतंत्र निगमांचे रूप दिल्यानंतर, दुसऱ्या हाताने त्यांच्या नित्याच्या अनुदानाला अनेक वर्षे कात्री लावली. परिणामी कायम जागा आटल्या आणि तरुण संशोधकांच्या वाट्याला ठरावीक मुदतीच्या नेमणुका आल्या. विशेष निधी हा सणासुदीचा, अनुदान हे रोजच्या चुलीचे. आणि चूल थंडावू देऊन सण साजरा करण्याचा हा कारभार मला तरी शहाणपणाचा वाटत नाही.

अशा कारभारात काय हरवते, यासाठी भौतिकशास्त्रज्ञ युकावा हिदेकी यांचेच उदाहरण घ्या. त्यांनी अणुगर्भातील बलांचा उलगडा करणारा मेसॉनचा सिद्धान्त १९३५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा ते अवघ्या चार वर्षांपूर्वी निघालेल्या ओसाका विद्यापीठात साधे व्याख्याते होते, नावावर सांगण्याजोगे लेखन जवळजवळ नव्हते, आणि नोबेल पारितोषिक यावयास १९४९ उजाडावे लागले. निबंधांची दरसाल मोजदाद मागणाऱ्या आजच्या दफ्तरात अशा व्याख्यात्याची मुदत कोणत्या कलमाखाली वाढविली गेली असती, याचा खुलासा शिक्षणखात्याने अवश्य करावा.