एकाच छपराखालचे दोन परके

नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतून अलीकडे एक मत जवळजवळ सिद्धांताच्या थाटात मांडले जाते. विंडोजवर चालणारा संगणक आणि ॲपलचा मॅक ही म्हणे तेल आणि पाणी. ती एका घरात नांदतील, पण एकमेकांशी बोलणार नाहीत. तेव्हा एक तर घरातली सगळी यंत्रे एकाच कंपनीची घ्यावीत, नाही तर सारे कागदपत्र भाड्याच्या कोठारात, म्हणजे ‘क्लाउड’वर, नेऊन ठेवावेत आणि निश्चिंत व्हावे. हे मत मी अडाणी माणसांच्या तोंडून ऐकलेले नाही. हिशेब तपासणारे, निविदांतील खोच एका दृष्टिक्षेपात हेरणारे, नियमांच्या पोटकलमांवर तासन्‌तास वाद घालणारे आपलेच बांधव ते बोलून दाखवतात. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, हे मत वस्तुस्थितीला धरून नाही. आणि बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्यांना तर ते विशेष महागात पडणारे आहे.

दोन जातींची यंत्रे एका घरात येतात कशी, हे सांगण्याची फारशी गरज नाही. विंडोजचा संगणक स्वस्त पडतो आणि कचेरीत त्याचीच सवय झालेली असते, म्हणून तो आधी येतो. पुढे मुलगी आरेखनाच्या महाविद्यालयात जाऊ लागते, किंवा मुलगा चित्रफितींच्या संकलनाचे काम शिकू लागतो, आणि कर्जाच्या हप्त्यांवर मॅक येऊन दाखल होतो. दोन टेबलांमध्ये अंतर असते चार हातांचे. पण गणपतीतली छायाचित्रे या टेबलावरून त्या टेबलावर न्यायची म्हटली की ती आधी व्हॉट्सॲपवर चढतात, कोठल्या देशात आहे याचा आपल्याला पत्ताही नसलेल्या एखाद्या कोठारातून फिरून येतात, आणि वाटेत अंग चोरून लहानही होतात. कारण छायाचित्र नेहमीच्या रीतीने पाठवले की ते तंत्र त्याचा आकार घटवते. शेजारच्या टेबलावरील नस्ती मुख्यालयाच्या आवक-जावक नोंदवहीतून फिरवून आणणाऱ्या लिपिकाला आपण काय म्हणू? घरी मात्र आपण रोज तेच करतो आणि त्याला आधुनिकता म्हणतो.

ही यंत्रे एकमेकांशी बोलत नाहीत, या विधानाला इतिहासाचाही आधार नाही. संगणकांनी एकमेकांच्या फायली उघडाव्यात यासाठी ‘एसएमबी’ नावाची एक संभाषणपद्धती १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आयबीएममध्ये जन्मली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ती आपलीशी केली. तिचे पुरते व्याकरण त्या कंपनीने बाहेरच्यांना उघड करून दिले नव्हते. १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या एका संशोधक विद्यार्थ्याने तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून न्याहाळून ते व्याकरण उलगडण्यास आरंभ केला. परभाषकांच्या वस्तीत राहून कानाने भाषा शिकावी, तसाच हा प्रकार होता. त्यातून ‘सांबा’ ही मुक्त आज्ञावली निर्माण झाली. एस, एम आणि बी ही अक्षरे क्रमाने येणारा शब्द कोशात शोधताना हे नाव हाती लागले, अशी तिच्या नावाची कथा आहे.

पुढची हकीकत आपल्यासारख्या दप्तरी माणसांना अधिक रुचेल. मायक्रोसॉफ्टने आपल्या संभाषणपद्धतीची माहिती प्रतिस्पर्ध्यांपासून दडवून ठेवली, हा युरोपीय आयोगाच्या २००४ मधील निर्णयातील एक प्रमुख मुद्दा होता. त्या निर्णयान्वये कंपनीला ४९.७ कोटी युरोंचा दंड झाला व माहिती खुली करण्याचा आदेश मिळाला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने तो उचलून धरला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सांबाच्या मंडळींना १०,००० युरो भरून ती कागदपत्रे मिळाली. ॲपलने आपल्या यंत्रांत काही वर्षे सांबाच वापरली, २०११ मध्ये तिच्या जागी स्वतःची रचना आणली, आणि २०१३ पासून मॅकने आपली जुनी खासगी पद्धत बाजूस सारून एसएमबी हीच फायलींच्या देवघेवीची मुख्य भाषा म्हणून पत्करली. म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ ही दोन्ही यंत्रे एकच भाषा बोलत आहेत. मध्ये जी भिंत होती ती व्यापाऱ्यांनी बांधलेली होती. आणि ती पडली ती, ‘हे असेच चालायचे’ असे म्हणण्याचे काही माणसांनी नाकारले म्हणून.

मग आपल्या घरी ती का बोलत नाहीत? कारण आपण त्यांची ओळख करून दिलेली नसते, आणि ओळख करून देण्याचे काम फार तर एका रविवारच्या सकाळचे आहे. दोन्ही यंत्रे एकाच राउटरला जोडलेली असावीत. पुष्कळ घरांत एक यंत्र मुख्य वायफायवर आणि दुसरे पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वायफायवर असते. पाहुण्यांच्या वायफायवरील यंत्रे सहसा घरातल्या यंत्रांना दिसूच दिली जात नाहीत, आणि मग माणूस कंपन्यांना शिव्या घालत बसतो. विंडोजमध्ये हे जाळे ‘प्रायव्हेट’ आहे असे नोंदवावे लागते. ‘पब्लिक’ म्हटले की ते यंत्र रेल्वेच्या प्रतीक्षालयातील प्रवाशासारखे आपली ट्रंक घट्ट धरून बसते. मॅकमध्ये सेटिंग्जच्या ‘जनरल’ या भागात ‘शेअरिंग’ असते. तेथे ‘फाइल शेअरिंग’ चालू करावे आणि, येथेच बहुतेक जण अडतात, त्याच्या आतील ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन विंडोजवाल्यांसाठी आपल्या खात्यापुढे खूण करावी. ती खूण केली नाही तर विंडोजला दार दिसते, पण कडी निघत नाही. उलट मॅकवरून विंडोजकडे जायचे असेल तर विंडोजमधील एखादे फोल्डर सामायिक करावे, आणि मॅकच्या ‘फाइंडर’मध्ये ‘गो’ या यादीतील ‘कनेक्ट टू सर्व्हर’ हा पर्याय निवडून विंडोज-यंत्राचा पत्ता द्यावा. पासवर्ड विचारला जाईल तेव्हा यंत्र उघडताना आपण टिपतो तो चार-सहा आकड्यांचा पिन चालत नाही. खात्याचा खरा पासवर्ड लागतो. ‘पासवर्ड बरोबर देऊनही घेत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा एवढेच असते. राउटरने दिलेला पत्ता अधूनमधून बदलतो, म्हणून तो त्या यंत्रासाठी राउटरमध्येच राखून ठेवावा. आणि ज्याच्याकडे फायली आहेत ते यंत्र झोपी गेले की फोल्डर नाहीसे झाल्यासारखे वाटते. ते नाहीसे झालेले नसते.

‘पूर्वी हे सोपे होते, कंपन्यांनीच मुद्दाम बिघडवले’ असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. विंडोज ७ बरोबर आलेली ‘होमग्रुप’ची सोय २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकली गेली, हे खरे. पण एसएमबीची पहिली, जुनाट आवृत्ती मागे पडली तिला कारण होते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर धुमाकूळ घातला तो त्याच जुन्या वाटेने. त्यानंतर त्याच वर्षी विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत ही वाट मुळात बंद ठेवूनच यंत्रे देण्यास सुरुवात झाली. असे असता आमच्या वसाहतीत येणारा एक तंत्रज्ञ आजही घरोघर तीच जुनी आवृत्ती पुन्हा चालू करून देतो, पासवर्डाची अट काढून टाकतो, पाचशे रुपये घेतो, आणि ‘बघा, चालू झाले’ म्हणून निघून जातो. कुलूप उघडत नाही म्हणून दार उखडून देणाऱ्या सुताराला आपण पैसे देऊ काय? नव्या आवृत्त्या पासवर्डाविना येणाऱ्या पाहुण्याला बहुधा बाहेरच उभे करतात, आणि ते योग्यच आहे. घरातील प्रत्येकाचे स्वतंत्र खाते व स्वतंत्र पासवर्ड असण्यात अविश्वास कसला?

आता थोडे आपल्या भाषेविषयी. कारण या बाबतीत परकीय पुस्तके आपल्याला काहीच सांगत नाहीत. फायलींना मराठीत नावे देऊ नयेत, त्याने घोटाळा होतो, असा सल्ला मराठी माणूसच मराठी माणसाला देतो. घोटाळा होतो हे खरे, पण तो कोठे होतो ते पाहावे. ‘कऱ्हाडची जमीन’ असे नाव घ्या. यातील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येते: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशी फोड करून. मॅकची जुनी फाइल-पद्धती नावे साठवताना अशी अक्षरे फोडून ठेवी. २०१७ मध्ये आलेल्या नव्या पद्धतीने तो आग्रह सोडला. विंडोज मात्र अखंड आणि फोडलेले ही दोन भिन्न नावे समजते. म्हणून जुन्या मॅकवरून आलेल्या सामानात हुबेहूब एकाच नावाच्या दोन फायली एकाच फोल्डरात शेजारी शेजारी बसलेल्या आढळू शकतात, आणि माणूस चक्रावतो. उपाय इतकाच की ते नाव एकदा विंडोजवर नव्याने टंकावे. त्यासाठी आपल्या जमिनीच्या कागदाला रोमन लिपीचा वेष चढवण्याचे कारण नाही. तारखेतली तिरपी रेघ किंवा प्रश्नचिन्ह मात्र नावात घालू नये. मॅकला ते चालते, विंडोजला खपत नाही. (युनिकोडपूर्व काळातील खासगी टंकांत लिहिलेले जुने मजकूर दोन्हीकडे सारखेच निरर्थक दिसतात. त्यांचा प्रश्न वेगळा, आणि जाळ्याने सुटणारा नव्हे.)

राहता राहिले भाड्याच्या कोठाराचे समर्थक. त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो: सगळे कोठूनही मिळते, काही करावे लागत नाही. पण फुकटची जागा ॲपल व मायक्रोसॉफ्ट यांच्याकडे ५ जीबी, गूगलकडे १५ जीबी. लग्नाची एक चित्रफीत ठेवली की ती संपली. पुढे दरमहा भाडे, आणि ते कधी न संपणारे, कारण सामान एकदा तेथे गेले की परत आणण्याचा उत्साह कोणाला उरत नाही. शिवाय आपल्यापैकी कित्येक जण अशा गावी असतात की तेथे पावसाळ्यात इंटरनेट दोन-दोन दिवस बेपत्ता होते. घरातले जाळे त्या दोन दिवसांतही चालते. त्याला बाहेरच्या तारेची गरजच नसते, राउटरला वीज मिळाली की पुरे. घर जळाले किंवा बदलीच्या मालमोटारीतून खोकेच गहाळ झाले तर काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि त्यासाठी महत्त्वाच्या कागदांची एक प्रत घराबाहेर असावीच. क्लाउडवर ठेवा, नाही तर एखाद्या बाह्य डिस्कवर घेऊन गावी भावाकडे ठेवा. ही डिस्क ‘एक्सफॅट’ पद्धतीने तयार केलेली हवी, कारण विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस डिस्कवरचे मॅकला वाचता येते, पण तीवर लिहिता येत नाही. सांगायचे ते इतकेच की बाहेर ठेवायची ती प्रत, मूळ घरात.

एकाच कंपनीची यंत्रे घ्या म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात मी वेळ दवडणार नाही. वरिष्ठ लिपिकाच्या पगारात तो सल्ला आपोआप निकालात निघतो.

या सगळ्यामागे माझ्या दृष्टीने खरा प्रश्न यंत्रांचा नाहीच. बदलीच्या घरात कागद असतात कोणाच्या हातात? सातबाऱ्याचे उतारे, मुलांचे जन्मदाखले, विम्याची पत्रे, सेवापुस्तकाच्या छायाप्रती, आजीच्या आवाजातल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण, हे सारे कर्त्या पुरुषाच्या एका यंत्रात, त्याच्या एकट्याच्या पासवर्डाआड असते. तो दौऱ्यावर गेला, आजारी पडला, किंवा आधी एकटाच नव्या गावी रुजू झाला, की मागे राहिलेली बायको शाळेच्या प्रवेशासाठी एका दाखल्याच्या शोधात चार फोन करते, आणि तो तिकडून ‘डेस्कटॉपवर डावीकडे बघ’ असे सांगतो. तिचा मॅक त्याच खोलीत उघडा असतो. सामायिक फोल्डर असते, तिचे खाते असते, तर तो दाखला तिने तिच्या जागेवरून दोन मिनिटांत काढला असता. ‘आमच्या हिला त्यातले काही कळत नाही’ हे उत्तर मी अनेक ठिकाणी ऐकले आहे. तिला कळत नाही, की तिला वाट दिलेली नाही, याचा निवाडा ज्याने त्याने घरी जाऊन करावा. सामायिक फोल्डरात कचेरीचे कागद मात्र अजिबात आणू नयेत. ते घरच्या कोणत्याच यंत्रावर नसावेत, मग ते विंडोज असो की मॅक.