थोरलीचे बालपण कोणाच्या हिशेबात?

बालकांच्या मानसिक आरोग्यावर बेंगळुरूत भरपूर बोलले जाते. निम्हान्स याच शहरात आहे. समुपदेशकांची, पालकत्वाच्या कार्यशाळांचीही वाण नाही. सल्ला साधारण एकच असतो: पहिली सहा वर्षे मुलाशी बोला, खेळा, ते रडले की जवळ घ्या. सल्ला खरा आहे. फक्त ऐकणाऱ्याची सकाळ तिच्या स्वतःच्या हाती आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते.

पौरकार्मिकांची नसते. शहर झाडणाऱ्या या कामगारांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि बहुसंख्य दलित. त्यांची हजेरी अंगणवाडी उघडण्याच्या कितीतरी आधी लागते. मधल्या वेळात तीन वर्षांचे मूल कोण सांभाळणार? आजी असली तर आजी. नसली तर नऊ-दहा वर्षांची थोरली. ती घरातच असते, म्हणून तिला कोणी बालकामगार म्हणत नाही. शाळेत पोचते उशिरा, पेंगते, आणि शेरा मात्र आईवर पडतो: 'घरी लक्ष देत नाहीत.' झाडू कोणाच्या हाती द्यायचा हे जातीने ठरवले. त्या झाडूने दोन मुलांची सकाळ ठरवली. याला संगोपनातली हयगय म्हणणे हा शुद्ध सवर्ण आंधळेपणा आहे.

1928 साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. मातेची विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, तेव्हा तिचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने 50 हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांवर पाळणाघराची सक्ती केली. 2017 च्या दुरुस्तीने ती 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लावली. पण या तरतुदींच्या डोळ्यासमोर चार भिंती आहेत. रस्ता हेच जिचे कामाचे ठिकाण, तिचे पाळणाघर कुठे बांधणार?

1 मे 2025 रोजी बेंगळुरूत 12 हजारांहून अधिक पौरकार्मिकांना कायम नेमणुकीची पत्रे मिळाली. दीर्घ लढ्याचे हे फळ. कंत्राटदाराकडे बोट दाखवण्याची सोय त्यामुळे आता पालिकेला उरलेली नाही.

आपल्यातल्या कित्येक पदवीधरांना थोरल्या बहिणीनेच कडेवर वाढवले. सत्कारात आपण आईबापाचे कष्ट सांगतो. सातवीत शाळा सुटलेल्या तिचे नाव क्वचितच घेतो. निदान तिच्या वतीने एक मागणी आपण लावून धरू शकतो: प्रत्येक हजेरी केंद्राजवळ पाळणाघर, पगारी सेविकांसह, आणि ते हजेरीच्या अर्धा तास आधी उघडणारे.